इंटर्नना तंबाखू सोडवायला शिकवताय? मग या चुका टाळा

एमबीबीएसला २०१९ पासून एटकॉम (वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारा अभ्यासक्रम) आलंय, संवादकौशल्याचे तास होतात, लॉगबुकं सह्यांनी भरतात, आणि तरी इंटर्न पेशंटसमोर बसला की पहिलं वाक्य तेच, "मावशी, तंबाखूने कॅन्सर होतो, बंद करा." मावशी "हो डॉक्टर" म्हणतात, संपलं समुपदेशन.

गडबड हिस्टरीपासूनच, म्हणजे पेशंटची माहिती विचारतानाच सुरू होते. "काही व्यसन?" विचारलं की बायका सरळ नाही म्हणतात, आणि त्या खोटं बोलत नसतात, मिसरीने दात घासायचे असतात एवढंच त्यांच्या डोक्यात. म्हणून "दात कशाने घासता, दिवसातून किती वेळा?" असं विचारायला लावा. उठल्यावर किती वेळात पहिली चिमूट लागते हे तर हवंच, अर्ध्या तासाच्या आत असेल तर सवय पक्की आहे, नुसत्या बोलण्यावर भागणं अवघड.

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पेशंटच्या आधी आपणच कारणं सांगून टाकल्याने. विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये दारूच्या पेशंटबद्दल लिहिताना मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग मांडलं, त्याचा गाभाच हा की बदलायचं का ते पेशंटच्या तोंडून आलं पाहिजे. सोडायची इच्छा किती हे मोजायची ० ते १० ची पट्टी पोरांना माहीत असते, पण वापरतात उलटी. समजा रिक्षावाले काका म्हणाले, "सोडावंसं वाटतं, दहापैकी चार." इंटर्न लगेच, "फक्त चार? आठ का नाही?" झालं, काका अडचणी मोजायला लागतात, नाईट असते, झोप येते, स्टँडवर सगळेच खातात. त्याऐवजी "चार म्हणालात, एक का नाही म्हणालात?" असं विचारून गप्प बसायचं. मग काका सांगतात, हल्ली तिखट सहन होत नाही, तोंड पूर्ण उघडत नाही. (असं कोणी म्हणालं तर त्याच दिवशी दंतविभागात पाठवा, सुपारी-गुटख्याने होणारा फायब्रोसिस, म्हणजे तोंडाचं आतलं अस्तर कडक होणं, असू शकतो.)

रोल-प्लेमध्ये पेशंट झालेला मित्र दोन मिनिटांत "सोडतो डॉक्टर" म्हणतो, बाकीचे टाळ्या वाजवतात, याचा काडीचा उपयोग नाही. पेशंट होणाऱ्याला चिठ्ठी द्या, "तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही", "दोनदा सोडून बघितलं", आणि पटकन पटवून घ्यायचं नाही अशी सक्त ताकीद. पाच 'ए' ची यादी (आस्क, अॅडव्हाइज, असेस, असिस्ट, अरेंज, म्हणजे समुपदेशनाच्या पाच पायऱ्या) घडाघडा म्हणणारे इथे अडकतात, अडकू द्या, फीडबॅक नंतर.

निकोटीन गम लिहून दिली पण कशी खायची ते सांगितलं नाही, हे तर रोजचंच. पेशंट ती च्युइंगगमसारखी चघळतो, उचकी लागते, घसा जळजळतो आणि पाकीट कोपऱ्यात जातं. सावकाश चावायची, झणझणलं की गाल आणि हिरडीमध्ये दाबून ठेवायची, झणझण गेली की परत चावायची, असं साधारण अर्धा तास, आणि आधीची १५ मिनिटं चहा नाही. हे इंटर्नने पेशंटकडून परत वदवून घ्यायचं.

तारीख न देता पाठवू नका, पहिले काही दिवस फार जड जातात त्यामुळे आठवड्याच्या आत बोलवा, लांबून येणाऱ्यांना क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा नंबर १८००-११-२३५६ द्या. आणि "परत सुरू झालं" म्हणत आलेल्या पेशंटवर इंटर्न खेकसला तर तिथेच थांबवा त्याला, पेशंट पुढच्या वेळी येणारच नाही, आधी विचारू दे की पहिली पुडी कुठे आणि कोणाबरोबर फोडली.