सॅटेलाईट इमेजवरून दुष्काळ बघायला शिकायचंय? बोरिवलीपासून सुरुवात करा

मला बरेच जण विचारतात की रिमोट सेन्सिंग, म्हणजे उपग्रहाच्या इमेजवरून जमीन वाचणं, शिकायचंय, कुठून सुरू करू. कोर्स नंतर करा, आधी अशी जागा निवडा जिथे तुम्ही स्वतः जाऊन बघू शकता. मी मुलुंडची, त्यामुळे मी बोरिवलीचं नॅशनल पार्क घेतलं. सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहांच्या इमेज फुकट मिळतात, एक पिक्सेल (ठिपका) जमिनीवर १० मीटरचा, दर पाच दिवसांनी, आणि गुगल अर्थ इंजिनमध्ये ब्राउझरवरच काम होतं, भारी लॅपटॉप लागत नाही.

हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि निअर इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा प्रकाश, परत फेकतं, या दोघांच्या फरकाला बेरजेने भागलं की एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा. मी मे महिन्याचा काढला तर आकडे एवढे पडलेले की वाटलं जंगल वाळलंच! रविवारी जाऊन बघितलं तर साग नुसता काड्यांसारखा उभा, पायाखाली पाचोळा. पानगळ होती ती, दुष्काळ नाही. म्हणून मे ची तुलना कधीच सप्टेंबरशी करू नका, त्याच पंधरवड्याची आधीच्या वर्षांशी करा.

व्हीसीआय (व्हेजिटेशन कंडिशन इंडेक्स) म्हणजे हेच: यंदाचा आकडा आजवरच्या सगळ्यात कमी (०) आणि सगळ्यात जास्त (१००) यांच्यामध्ये कुठे बसतो. समजा एका ठिकाणी ऑगस्टअखेरचा आजवरचा सगळ्यात कमी एनडीव्हीआय ०.३५, सगळ्यात जास्त ०.७५ आणि यंदा ०.४५, तर व्हीसीआय आला २५. ४० च्या खाली गेलं की पिकाची तब्येत बरी नाही समजायचं. यासाठी जुना डेटा हवा, तो नासाच्या उपग्रहांवरच्या मोडिस सेन्सरचा २००० पासून आहे, पण पिक्सेल २५० मीटरचा, म्हणजे साधारण पंधरा एकर. आपल्याकडे दोन-दोन एकरांची शेतं, एका पिक्सेलमध्ये सात-आठ जणांचं पीक येतं.

इथेच मी चुकले. लातूरकडच्या मामाच्या गावाचा नकाशा बऱ्यापैकी हिरवा आला, मी खुशीत फोन केला, मामा, यंदा बरंय की तुमच्याकडं. मामा म्हणाला, "आगं ती उसाची पट्टी हाय, बोअरच्या पाण्यावरची. सोयाबीन बघ की, फुलातच माना टाकल्यात." मला खूप वाईट वाटलं, कारण तोच नकाशा मी रिपोर्टमध्ये टाकणार होते आणि ज्यांचं सोयाबीन गेलं ते त्यात दिसलेच नसते.

तेव्हापासून मी आधी ऊस आणि बागायत वेगळी काढते, मग फक्त कोरडवाहूचा व्हीसीआय, त्याच्या शेजारी चर्प्स (CHIRPS) या पावसाच्या डेटासेटमधला पाऊस ठेवते, तो १९८१ पासून मिळतो. जुलै-ऑगस्टात ढगांमुळे ऑप्टिकल (प्रकाशावर काढलेल्या) इमेज बहुतेक वाया जातात, तिथे सेंटिनेल-१ चं रडार शिकून घ्या, ते ढगांतून बघतं. अवघड आहे, मला वर्ष गेलं. डेहराडूनच्या आयआयआरएसचे (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिमोट सेन्सिंग) ऑनलाइन कोर्स फुकट असतात, ते या टप्प्यावर करा, तोवर तुमच्याकडे विचारायला स्वतःचे प्रश्न असतील.