जंतांना दाद न देणारा नर: पावसाळ्याआधीपासूनची तयारी

माण-खटावात काय किंवा जत-आटपाडीत काय, मेंढ्यांसाठी पैदाशीचा नर निवडताना नजर उंचीवर, अंगलोटावर आणि माडग्याळ जातीचा असेल तर बाकदार नाकावर जाते. रक्त शोषणाऱ्या गोल जंताला आवरण्याची ताकद यातल्या कशावरूनच ओळखता येत नाही. हा जंत, हिमॉन्कस, चौथ्या पोटात राहतो आणि त्याची एकेक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. लेंडीतली अंडी मोजावीच लागतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेच्या कामात बंगालची गरोळ जात दख्खनीपेक्षा जंतांना जास्त प्रतिकारक दिसली, पण ती अंगाने लहान. म्हणून आपल्याच कळपातून निवड करणं जास्त शहाणपणाचं.

सुरुवात बापापासून. वाड्यात दोन-तीन नर मोकळे असले तर कोकरू कुणाचं ते सांगता येत नाही. एका नरामागे २५-३० मेंढ्या अशा वेगळ्या करून ३५ दिवस, म्हणजे माजाची दोन चक्रं, ठेवा. कोकरू जन्मलं की कानात बिल्ला, आणि वहीत आई, बाप, तारीख, एकटं की जुळं. जुळ्यांच्या लेंडीत अंडी बहुधा जास्त भरतात. ही नोंद नसेल तर चांगली जुळी उगाच बाद होतात.

दूध तुटल्यावर सगळी कोकरं एकाच रानात चरू द्या. घरी बांधून चारलेल्याची कळपाशी तुलना करायचीच नाही. ऑगस्टमध्ये प्रत्येकाचं वजन करून एकाच दिवशी सगळ्यांना जंताचं औषध पाजा. त्याच दिवशी दहा कोकरांची लेंडी घ्या आणि १० ते १४ दिवसांनी त्याच दहांची पुन्हा. अंडी ९५ टक्क्यांनी घटली नसतील तर ते औषध तुमच्याकडे चालत नाही, दुसऱ्या गटाचं, म्हणजे वेगळ्या प्रकारचं औषध घ्या. जुने जंत पोटात उरले तर पुढचा आकडा काहीच सांगत नाही.

आपल्या कोरड्या तालुक्यांत पावसाचा जोर सप्टेंबर-ऑक्टोबरात, जंतही तेव्हाच वाढतात. औषधानंतर चार-पाच आठवड्यांनी दहा कोकरं तपासा. सरासरी एका ग्रॅमला ५०० अंड्यांखाली असेल तर थांबा. दुष्काळी साली सगळेच नर चांगले दिसतात, त्या वर्षी निवड करू नका.

नमुना गुदद्वारातून हातमोजा घालून काढा, तीन-चार ग्रॅम. जमिनीवरची लेंडी चालत नाही. पिशवीतली हवा दाबून काढा, बिल्ल्याचा नंबर लिहा आणि बर्फाच्या डब्यात ठेवा. उबेत अंडी फुटतात, गोठवल्यास खराब होतात. मिठाचं पाणी आदल्या दिवशीच करा: एक लिटर गरम पाण्यात ४०० ग्रॅम मीठ, तळाशी थोडं न विरघळलेलं राहायला हवं. २ ग्रॅम लेंडी या मिठाच्या २८ मिलि पाण्यात कुस्करून गाळा, मॅकमास्टर काचेच्या (अंडी मोजायची रेघा आखलेली काच) दोन्ही कप्प्यांत भरा, पाच मिनिटं थांबून सूक्ष्मदर्शकाखाली मोजा, बेरीज गुणिले ५० म्हणजे एका ग्रॅममधली अंडी. कालव्याकाठी किंवा टेंभू-म्हैसाळ सिंचन योजनांच्या पाण्याने ओल धरलेल्या बांधांवर चरणाऱ्या कळपात यकृतातला चपटा कृमीही असू शकतो. त्याची अंडी या पाण्यात तरंगत नाहीत, तपासणी वेगळी करून घ्या.

मोजणी होईपर्यंत औषध थांबवायचं, पण जीव जाईपर्यंत नाही. दर आठवड्याला डोळ्याची आतली पापणी फामाचा कार्डाशी (रक्त किती कमी झालंय ते १ ते ५ नंबरच्या रंगांनी दाखवणारं कार्ड) ताडून पाहा. ४ किंवा ५ नंबर, किंवा जबड्याखाली सूज दिसली की लेंडी घेऊन लगेच औषध पाजा आणि ते कोकरू यादीतून काढा. पापणी लाल असूनही अंडी भरमसाट असणारी कोकरंही असतात. ती स्वतः टिकतात, पण रान घाण करतात, त्यांना नर म्हणून ठेवू नका.

पहिल्या मोजणीनंतर सगळ्यांना पुन्हा औषध, पुन्हा चार-पाच आठवडे, मग दुसरी मोजणी. दोन्हींची सरासरी काढा आणि सर्वांत कमी अंड्यांच्या चौथाईतून वजनात मागे नसलेले नर घ्या. नुसत्या कमी अंड्यांवर खुरटं कोकरू निवडू नका. निवडलेले नर दीड-दोन वर्षांनी बदला, नाहीतर त्यांच्याच लेकी त्यांच्यापुढे माजावर येतील.