एअर फ्रेटचे लोकल चार्जेस सॉफ्टवेअरमध्ये भरताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे आणि तिकडं कोल्हापूरपर्यंतच्या फॉरवर्डर, म्हणजे पार्टीचा माल परदेशी पाठवून देणाऱ्या लोकांच्या ऑफिसात सॉफ्टवेअर बसवून देणं हे माझं काम. आपल्याकडचा एक्स्पोर्टचा माल बहुतेक ट्रकनं मुंबईला किंवा बंगळूरला जातो आणि तिथं विमानात चढतो. टर्मिनलचं बिल तिकडं, पार्टीचं बिल इकडं. मधली तफावत हिशेब जुळवायला बसेपर्यंत कुणाला दिसत नाही. म्हणून चार्ज मास्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधली सगळ्या चार्जेसची यादी, पहिल्याच दिवशी नीट भरायला हवा, आणि तिथंच सगळे घाई करतात.

मागच्या बिलातली रक्कम उचलून ‘फिक्स्ड’मध्ये टाकणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. एका ऑफिसात नवीन पोरानं टर्मिनल हँडलिंग भरताना जुनी फाईल समोर ठेवली. ६० किलोच्या सॅम्पल पेटीचं बिल होतं. त्यातली रक्कम त्यानं ‘पर शिपमेंट’ म्हणून भरून टाकली. प्रत्यक्षात चार्ज किलोवर होता आणि बिलात दिसत होती ती मिनिमम रक्कम. समजायला गोल आकडे घेऊ: किलोला २ रुपये, मिनिमम ३०० रुपये. ६० किलोचे होतात १२०, म्हणून ३०० लागले. सॅम्पल जात होते तोवर सगळं बरोबर जुळलं. मग मशीनिंग केलेल्या कास्टिंगच्या पेट्या सुरू झाल्या, ९०० किलोच्या. टर्मिनलनं १८०० घेतले, पार्टीला बिल गेलं ३००चंच. दर शिपमेंटला १५०० रुपये खिशातून. लक्षात आलं तेव्हा डेबिट नोट, म्हणजे राहिलेल्या रकमेची मागणी, पाठवली, पण पार्टी म्हणाली, ‘आमची फाईल बंद झाली की हो.’ पार्टीचं काही चुकलं नव्हतं.

माझी सवय साधी आहे. सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर प्रत्येक चार्जसमोर पेन्सिलनं लिहायचं, हा कशावर लागतो? एअरवे बिलावर (विमानानं जाणाऱ्या मालाच्या वाहतूक-पावतीवर), किलोवर, नगावर की दिवसावर? डॉक्युमेंटेशन, एअरवे बिल फी हे शिपमेंटमागे ठरलेले. हँडलिंग, स्क्रीनिंग, फ्युएल सरचार्ज साधारण किलोवर. टर्मिनलचं भाडं किलो आणि दिवस दोन्हींवर. याचं उत्तर दरपत्रकात असतं, बिलात नसतं. दरपत्रक वाचायचा कंटाळा असेल त्यानं या टेबलावर बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्रॉस आणि चार्जेबल वजनाची सरमिसळ

ग्रॉस म्हणजे काट्यावरचं वजन. चार्जेबल म्हणजे काट्यावरचं आणि पेटीच्या आकारावरून काढलेलं, यांतलं जे जास्त ते. बेळगावात ही चूक लपून राहते, कारण कास्टिंग जड. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६००० नं भागलं, तरी येणारं वजन प्रत्यक्ष वजनापेक्षा कमीच भरतं. ग्रॉस आणि चार्जेबल एकच, त्यामुळे बेसिस (चार्ज कशावर लागतो ते) चुकला तरी बिल बरोबर येतं आणि सगळे निर्धास्त. मग एखादी पार्टी मशीनचं फायबरचं कव्हर पाठवते. पेटी १२० × ८० × १०० सेंटिमीटर, काट्यावर ९२ किलो, पण चार्जेबल १६०. फ्रेट १६० वर लागणार. सरचार्ज मात्र एखादी एअरलाइन ग्रॉसवर घेते, एखादी चार्जेबलवर. टर्मिनलचंही तसंच. म्हणून बेसिस प्रत्येक एअरलाइन आणि प्रत्येक टर्मिनलसाठी वेगळा भरा. ‘सगळ्यांना चार्जेबल लावून टाकू’ हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. त्यात कधी पार्टीला जास्त बिल जातं, कधी आपलं नुकसान होतं.

आणि राउंडिंग वजनाला लावायचं, पुढच्या अर्ध्या किलोवर. रक्कम राउंड करून ते साधत नाही.

बाकीच्या

मिनिममचा रकाना रिकामा सोडू नका.

कन्सोलमध्ये, म्हणजे अनेक पार्ट्यांचा माल एकत्र पाठवताना, मास्टरवर (सगळ्या मालाच्या एका एअरवे बिलावर) एकदाच लागणारा खर्च प्रत्येक हाउसवर (एकेका पार्टीच्या एअरवे बिलावर) टाकला, तर चार हाउसचा खर्च चौपट दिसतो. मास्टरवर भरा आणि वाटणी करा.

डॉलरमधला चार्ज रुपयांत बदलून भरू नका. चलन डॉलरच ठेवा, दर बिलाच्या दिवशीचा घ्या.

सी फ्रेटचं टेम्प्लेट कॉपी करू नका. त्यात बेसिस घनमीटरचा असतो.

दर बदलला की जुन्या ओळीवर नवा आकडा लिहू नका. जुनीला शेवटची तारीख द्या आणि नवी ओळ करा, नाहीतर जुनं बिल पुन्हा काढलं की रक्कम बदलते.

जीएसटी चार्जमध्येच पक्का बसवू नका. शिनोळी इथून हाकेच्या अंतरावर, पण महाराष्ट्रात; तिथल्या पार्टीचा जीएसटी नंबर २७ नं सुरू होतो, आपला कर्नाटकातला २९ नं. तिथल्या नोंदणीकृत पार्टीला आयजीएसटी १८ टक्के, उद्यमबागेतल्या पार्टीला सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९. हे पार्टीच्या नंबरवरून आपोआप ठरू द्या. एक्स्पोर्ट एअर फ्रेटवरची जीएसटीची सूट ३० सप्टेंबर २०२२ ला संपली. त्याआधीचं टेम्प्लेट वापरत असाल, तर फ्रेटची ओळ उघडून बघा.

सगळं भरून झालं की तीन जुन्या फायली घ्या: एक लहान सॅम्पल, एक जड कास्टिंग, एक हलकी मोठी पेटी. तिन्हींची बिलं सॉफ्टवेअरमधून काढा आणि टर्मिनल, एअरलाइनच्या कागदाशी ओळ न् ओळ ताडून बघा. एक रुपयाचा फरक आला तरी कारण सापडेपर्यंत पहिलं खरं बिल काढू नका.