सेन्सर विकत घेण्याआधी एक वाक्य लिहा

इंटरॅक्टिव्ह कला (बघणाऱ्याच्या कृतीला प्रतिसाद देणारी) आणि वेअरेबल (अंगावर घालायची इलेक्ट्रॉनिक वस्तू) शिकायला येणारी मुलं साधारण दोन दिशांनी येतात. इंजिनिअरिंगकडून आलेल्यांना आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड, वापरता येतो, पण त्याचं करायचं काय ते सुचत नाही. कलेकडून आलेल्यांची तीन पानी कन्सेप्ट नोट तयार असते, आणि सोल्डरिंग आयर्न दिसलं की हात मागे जातो. कार्यशाळेत मी दोघांनाही आधी एक वाक्य लिहायला लावते: माणूस काय करतो, त्यानं काय बदलतं आणि तो निघून गेल्यावर मागे काय राहतं. हे जमेपर्यंत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराची, वारी नको. सेन्सर (हालचाल, स्पर्श, नाडी असं काही टिपणारा भाग) हातात आला की त्याला जे जमतं तेच आपण करत बसतो. हात हलवला, दिवा लागला. बरं, मग?

हे 'मग' कसं असतं ते बघायचं तर कलाकार राफाएल लोझानो-हेमर यांचं 'पल्स रूम' (२००६) हे मांडणीशिल्प बघा, रेकॉर्डिंग सहज मिळतं. अंधाऱ्या दालनात छताला साधे बल्ब टांगलेले, मोठ्या मांडणीत ३०० पर्यंत. एका बाजूला धरायच्या दोन मुठी. त्या धरल्या की तुमची नाडी टिपली जाते आणि जवळचा बल्ब तुमच्या ठोक्यांवर लुकलुकू लागतो. सोडल्या की क्षणभर सगळे विझतात, मग तुमचा ठोका रांगेतल्या पहिल्या बल्बवर जातो आणि बाकीचे एकेक घर पुढे सरकतात. सगळ्यांत जुना ठोका बाहेर पडतो. एकही शब्द न लिहिता इथे येणं आहे, गर्दीत मिसळणं आहे आणि जागा रिकामी करणंही आहे. तंत्र म्हणाल तर जिममधल्या ट्रेडमिलच्या दांड्यावर असतं तसलंच. माझ्या मते सगळी करामत त्या पुढे सरकण्यात आहे. ठोके नुसतेच दिसून विझले असते, तर लोकांनी फोटो काढले असते आणि पुढच्या दालनात गेले असते.

वेअरेबलमध्ये हे आणखी अवघड होतं, कारण घालणाऱ्याचं अंग आधीच काहीतरी सांगत असतं. जपानच्या गुताई या प्रयोगशील कलाकारांच्या गटातल्या अत्सुको तानाका यांनी १९५६ साली रंगवलेले बल्ब आणि ट्यूब जोडून 'इलेक्ट्रिक ड्रेस' केला आणि स्वतः घातला. ५० किलोंच्या वर वजन, उष्णता, शॉकची धास्ती. बघणाऱ्याला झगमगाट दिसतो आणि आत एक बाई अवघडून उभी असते. कथानक आहे ते या दोन्हींच्या मध्ये. शार डेव्हीज यांच्या 'ऑस्मोज' या व्हर्च्युअल रिअॅलिटी कलाकृतीत (१९९५) अंगातलं जॅकेट श्वास मोजतं: श्वास घेतला की आभासी जगात वर तरंगायचं, सोडला की खाली. डेव्हीज स्कूबा डायव्हिंग करायच्या, ही युक्ती तिथली. हातात जॉयस्टिक दिली असती तर लोक इकडून तिकडे धावत सुटले असते. म्हणून इनपुट, म्हणजे माणसाची कुठली कृती टिपायची ते, निवडतानाच निम्मी गोष्ट ठरते, हे मुलांना पटवायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

आता शिवणकाम. लिआ ब्यूकली यांचा लिलीपॅड हा आर्डुइनोचाच प्रकार २००७ मध्ये बाजारात आला, कापडावर शिवता येतो, सुरुवातीला तोच बरा. कंडक्टिव्ह, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या, दोऱ्यानं साधा धावदोरा घाला. दोन दोरे एकमेकांना टेकले की शॉर्ट. गाठी सुटतात, त्यांवर नेलपॉलिशचा थेंब लावा. दोरा लांबला की रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. CR2032 सारखा चपटा बटन सेल ३ व्होल्टचा असतो. त्यावर लाल एलईडी व्यवस्थित चालतो, पांढरा आणि निळा लवकर मंदावतात. लाल घेतलात तर लालच का, याचं उत्तरही तयार ठेवा. 'सेलमुळे' हे उत्तर चालत नाही.

साडीच्या काठातली जर (जरीचा धागा) वापरली तर चालेल का, हेही विचारतात. चांदीच्या किंवा तांब्याच्या जरीतून वीज वाहते, प्लास्टिकच्या चमकीतून नाही. मल्टिमीटर, म्हणजे वीज वाहते का ते तपासायचं यंत्र, घेऊनच दुकानात जा, दुकानदार हसला तर हसू दे. १९९० च्या दशकात एमआयटी मीडिया लॅबमध्ये मॅगी ऑर्थ आणि रेमी पोस्ट यांनी कापडी सर्किटसाठी धातूची पत्ती गुंडाळलेल्या धाग्याचं रेशमी ऑर्गन्झा (तलम, झिरझिरीत कापड) वापरलं होतं. असं कापड आपल्याकडे पूर्वापार विणलं जातं. त्यामुळे पैठणीच्या पदराचं सर्किट करावं असं दरवर्षी कुणाला तरी सुचतं. सुचू दे. पण मग पदरच का? सावरला की काय होतं, खोचला की काय, खांद्यावरून घसरला की काय? पदराला स्वतःच्या इतक्या हालचाली आहेत की वेगळा सेन्सर लावायची गरज भासू नये.

प्रवेशाचं थोडक्यात: एम.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणाला, जायचं तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागासाठी सीईईडी ही प्रवेश परीक्षा, एनआयडी म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनची परीक्षा वेगळी. डिझाइन इन्स्टिट्यूटचा शिक्का नसला तरी संग्रहालयांची आणि प्रदर्शनांची कामं मिळतात, तिथे पोर्टफोलिओ बघतात. त्यात एक तरी व्हिडिओ असा ठेवा, ज्यात अनोळखी माणूस कुठलीही सूचना न मिळता तुमच्या वस्तूसमोर येतो. त्यानं आधी हात कुठे नेला, केव्हा कंटाळला, सोबतच्याला बोलावलं का, हे सगळं न कापता दिसू दे. आणि मागे संगीत लावू नका, संगीत लावलं की काहीही भारी वाटतं.