"काय घालू त्याला?": मुंबईच्या बाल्कनीत झाडं मरतात त्या चुका

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लालबागहून मावशीचा फोन आला. "अगं, मोगरा पिवळा पडलाय. काय घालू त्याला?" दर पावसाळ्यात हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच, आणि त्यात "काय घालू" हे दोन शब्द हमखास असतात. मावशीचं तोवर बरंच काही घालून झालं होतं: चहाचा चोथा, कांद्याच्या सालींचं पाणी, नर्सरीवाल्याने दिलेल्या पांढऱ्या दाण्यांची पुडी. रविवारी मी तिच्याकडे गेले आणि आम्ही दोघींनी मिळून कुंडी वर्तमानपत्रावर आडवी केली.

माती एकाच गोळ्यात बाहेर आली. तिला गटारासारखा वास येत होता. मुळं तपकिरी आणि लिबलिबीत झालेली. एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं, तर वरची साल सुटून बोटांत आली आणि आत दोऱ्याएवढा तंतू तेवढा उरला. तळाचं भोक चिकट मातीने पार बुजलं होतं. मोगऱ्याला खत कमी पडलं नव्हतं. त्याच्या मुळांना हवा मिळत नव्हती.

शेतकऱ्यांकडे यासाठी नेमका शब्द आहे, वाफसा. मातीत ओल आहे पण चिखल नाही, आणि कणाकणांमध्ये हवा खेळती आहे, ही ती स्थिती. मुळं पाणी पितात तशी प्राणवायूही घेतात. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणूनच जास्त पाण्याने मरणारं झाड तहानलेल्या झाडासारखंच माना टाकतं. आपण ते बघतो आणि आणखी एक तांब्या ओततो. मी बघितलेली निम्म्याहून जास्त झाडं याच एका तांब्याने गेली आहेत.

पाणी घड्याळ बघून घालणं

"रोज सकाळी एक मग" हा नियम सोडून द्या. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरांपर्यंत मातीत घाला. आत गार आणि ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नको. कोरडं लागलं तर मात्र तळातून पाणी बाहेर येईपर्यंत सावकाश घाला. रोज थोडं थोडं शिंपडलं की वरचा इंचभर थर भिजतो, खालची मुळं कोरडीच राहतात. कुंडी हलक्या हाताने उचलून बघायची सवय लावलीत तर महिन्याभरात बोट घालायचीही गरज उरत नाही. भिजलेली कुंडी आणि सुकलेली कुंडी यांच्या वजनातला फरक हाताला कळायला लागतो.

पावसाळ्यात याच्या अगदी उलट चूकही होते. जून ते सप्टेंबर मुंबईत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे झाडांना पाणी घालायचं आपल्या डोक्यातून जातं. पण छज्जाखाली भिंतीला टेकून ठेवलेल्या कुंडीपर्यंत तो पाऊस पोचतो का, हे कुणी बघत नाही. समोर धो-धो कोसळतंय आणि आतली सदाफुली सुकून काडी झालीय, असं मी माझ्याच गॅलरीत पाहिलंय. ग्रिलच्या पुढच्या रांगेतली सदाफुली त्याच आठवड्यात अति पाण्याने सडली होती. दोन कुंड्यांत जेमतेम तीन फुटांचं अंतर होतं. सदाफुली, अडेनियम, जाड पानांची झाडं मे संपायच्या आत छताखाली घ्या.

कुंडीखालच्या बशीत पाणी साठू देऊ नका. तळाशी पाणी उभं राहिलं की खालच्या मुळांचा वाफसा जातोच, शिवाय डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. महापालिकेची माणसं घरोघरी येऊन बश्या आणि फेंगशुईच्या बांबूच्या बरण्या तपासतात, ती याचसाठी. पावसाळ्याचे चार महिने बश्या काढूनच ठेवा. खालच्या मजल्यावर पाणी ठिबकत असेल तर बशी ठेवा, पण पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ती रिकामी करा आणि आठवड्यातून एकदा घासून काढा. अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

तळाला विटांचे तुकडे आणि खडी यांचा जाड थर घातला की निचरा होतो, ही समजूत सगळीकडे आहे. तसं होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या खडीत सहजी उतरत नाही, ते मातीच्या तळाशीच अडून राहतं, आणि थरामुळे मुळांची जागा मात्र कमी होते. भोकावर एक उपडी खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरतो. निचरा करायचा तो मातीनेच.

मावशीच्या मोगऱ्याचं काय केलं तेही सांगते, कारण कुजलेलं झाड लगेच टाकून द्यायचं नसतं. काळी, मऊ पडलेली सगळी मुळं कात्रीने कापली, जी पांढरी आणि कडक होती ती ठेवली. मुळं कमी झाली म्हणून वरच्या फांद्याही निम्म्याने छाटल्या. कुंडी मोठी घेतली नाही, उलट लहान घेतली. मोठ्या कुंडीत मुळांना न पेलणारी माती ओली राहते आणि पुन्हा तेच होतं. महिनाभर खताचा कणही नाही. छाटलेल्या फांद्यांचे वीतभर तुकडे वाळू मिसळलेल्या मातीत खोचून सावलीत ठेवले होते. गणपतीच्या सुमारास त्यातल्या तीन काड्यांना फूट आली आणि जुन्या झाडालाही खालून कोंब निघाला.

नर्सरीतलं झाड जसंच्या तसं ठेवणं

नर्सरीतून आणलेली बरीच रोपं तांबड्या, चिकट मातीच्या गोळ्यात असतात. प्रवासात गोळा फुटू नये म्हणून ती माती बरी, पण घरी वाळली की विटेसारखी होते. मग वरून घातलेलं पाणी गोळ्याच्या कडेने सरळ खाली जातं, आणि "पाणी तर तळातून येतंय" म्हणून आपण निश्चिंत राहतो. आत गोळा कोरडा ठक्क.

रोप आणलं की आठ-दहा दिवस त्याला सावलीत राहू द्या. ते हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं, थेट उन्हात ठेवलं तर पानं भाजतात. मग गोळा तासभर बादलीत भिजवा, कडेची सुटेल तेवढी माती हाताने सोडवा आणि नव्या मिश्रणात लावा. माझं मिश्रण साधं आहे: दोन भाग लाल माती, दोन भाग गांडूळखत किंवा घरचं कंपोस्ट, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर मूठभर निंबोळी पेंड. पावसात भिजणाऱ्या कुंडीत कोकोपीटऐवजी जाड वाळू घालते, कारण कोकोपीट पाणी धरून ठेवतं.

सोसायटीच्या आवारात झाडून जाळली जाणारी सुकी पानं बघितली की मला फार वाईट वाटतं. धारावी-सायनजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान ज्या जागेवर उभं आहे तिथे पूर्वी कचरा टाकत. आज तिथे झाडीत पाऊल टाकलं की पायाखाली भुसभुशीत, काळसर माती लागते, ती वर्षानुवर्षं पडून कुजलेल्या पानांची. तीच पानं गोणीत दाबून, अधूनमधून ओली करून ठेवली तर पाच-सहा महिन्यांत कुंडीसाठी विकतच्या खताहून चांगली चीज तयार होते.

ऊन एकदाच बघणं

जानेवारीत फ्लॅटचा ताबा घेतला, दक्षिणेच्या गॅलरीत छान ऊन दिसलं, गुलाब आणि मोगरा आणला. जूनपर्यंत दोघंही लांबट, फिकट आणि बिनफुलांचे. खताचा दोष नाही. तिथलं ऊनच गेलेलं असतं.

मुंबईत डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. ऊन छज्जाखालून थेट गॅलरीच्या आतल्या भिंतीपर्यंत येतं. पुढे तो वर वर चढतो. १५ मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर. त्यानंतर जुलैच्या २७-२८ तारखेपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. या काळात दक्षिणेच्या गॅलरीत थेट ऊन येत नाही, आणि एरवी अंधारी वाटणाऱ्या उत्तरेच्या खिडकीत मात्र सकाळ-संध्याकाळ तिरपी किरणं येतात. त्यातच जूननंतर ढग.

म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता ऊन जमिनीवर कुठे पडतं तिथे खडूने खूण करा. हे जानेवारीत एकदा आणि मेमध्ये एकदा करा. रोज पाच-सहा तास ऊन मिळतं तिथे मोगरा, जास्वंद, गुलाब, लिंबू, मिरची. दोन-तीन तास मिळतं तिथे पुदिना, गवती चहा, ओवा. नुसता उजेड असेल तर मनीप्लांट, सिंगोनियम, स्नेक प्लांट. उन्हाची जागा नसेल तर फुलझाडाचा हट्ट धरू नका. पानांची झाडंही घर भरून टाकतात.

शेवंतीचं आणखी एक. तिला कळ्या धरायला लांब, अखंड रात्र लागते. गॅलरीत रात्रभर ट्यूबलाइट जळत असेल किंवा रस्त्यावरचा दिवा थेट पडत असेल तर शेवंती नुसती पानांनी वाढते. रात्री तिला अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवा.

एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर कोणतंही झाड ठेवू नका. ती गरम, कोरडी हवा पानांच्या कडा करपवते आणि लाल कोळी ही पानांचा रस शोषणारी बारीक कीड वाढायला तेवढंच निमित्त पुरतं.

स्वयंपाकघरातलं सगळं कुंडीत

दूध-साखर घातलेल्या चहाचा चोथा न धुता टाकला की मुंग्या येतात, बुरशी धरते. अंड्याची टरफलं अख्खी खोचली तर वर्षानंतरही तशीच सापडतात. ताजा ओला कचरा कुंडीत पुरला की तो तिथेच कुजतो, उष्णता धरतो आणि मुळं भाजतात. हे सगळं आधी कंपोस्टच्या डब्यात जाऊ द्या. तांदूळ धुतलेलं पाणी अधूनमधून चालतं. कबुतरांची ताजी विष्ठा मात्र खत म्हणून वापरू नका, ती मुळांना तीव्र पडते आणि आपल्या फुप्फुसांनाही वाईट.

कीड दिसली की औषध

जास्वंदीच्या शेंड्याशी कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. आधी खोडावर मुंग्यांची रांग आहे का ते बघा. या किडीच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या तिचं राखण करतात. मुंग्या हटवल्याशिवाय कीड जात नाही. जुन्या टूथब्रशने पुंजके घासून काढा, पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण मिसळून उन्हं उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारा. पाच-सहा दिवसांनी पुन्हा, आणि एकदा पुन्हा. एका फवाऱ्यात अंडी मरत नाहीत.

कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या पानावर चिमणीची शिट पडल्यासारखं काही दिसलं तर जवळून बघा. काडीने हळूच डिवचलं की त्याच्या डोक्यामागून नारिंगी, दोन टोकांचं शिंगासारखं काहीतरी बाहेर येतं आणि एक उग्र वास सुटतो. ती लिंबाच्या फुलपाखराची अळी. मोठी झाली की ती हिरवीगार होते. मी तिला मारत नाही. मोठ्या झाडावर दोन-तीन असतील तर त्यांना खाऊ द्यावं, पानं पुन्हा फुटतात. रोप वीतभरच असेल तर अळ्या उचलून दुसऱ्या मोठ्या कढीपत्त्यावर सोडा.

भाजीपाल्याचं वेळापत्रक चुकणं

यूट्यूबवर बघून मार्चमध्ये टोमॅटो लावू नका. रात्री उकडत राहिलं की टोमॅटोची फुलं गळतात, फळ धरत नाही. मुंबईत त्याचं बी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचं, म्हणजे थंडीत फळं येतात. कोथिंबिरीचे धणे अख्खे पेरू नका. लाटण्याने हलके रगडून दोन डाळी सुट्या करा, रात्रभर भिजवा, आणि जिथे वाढवायची तिथेच पेरा, उपटून लावलेली ती आवडून घेत नाही. उन्हाळ्यात ती लगेच फुलावर येते, तेव्हा तिचा नाद नोव्हेंबर ते फेब्रुवारी. लिंबू बियांपासून लावलंत तर फळासाठी वर्षानुवर्षं वाट बघावी लागेल, कलमच आणा. मिरची फुलली पण धरत नसेल तर सकाळी फांदीला हलकी टिचकी मारा. उंच मजल्यांवर मधमाश्या कमी येतात.

मोगऱ्याची छाटणी बहुतेक जण करतच नाहीत. कळ्या नव्या फुटव्यावर येतात. जानेवारीच्या शेवटी पाणी आठवडाभर तोडून फांद्या निम्म्यावर आणा, सगळी जुनी पानं काढा, खत द्या. मार्चमध्ये बहर येतो.

आणि तुळस. ती वाळली की घरात कुणाला तरी वाईट शंका येते, म्हणून हे स्पष्ट सांगते: कुंडीतली तुळस दोन-तीन वर्षंच जगते. रोजच्या पूजेचं भरपूर पाणी, हळदकुंकू आणि बुंध्याशी ठेवलेला दिवा यांनी ती त्याआधीच जाते. पाणी पळीभरच वाहावं, दिवा खाली जमिनीवर ठेवावा. मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडाव्यात, बी धरलं की झाड थकतं. दोन-चार मंजिऱ्या मात्र झाडावरच पिकून तपकिरी होऊ द्या. त्या तळहातावर चुरडून बी ओल्या मातीवर पसरा, वर चिमूटभर गांडूळखत भुरभुरवा आणि हाताने पाणी शिंपडा. आठ-दहा दिवसांत उगवतात. जुनी तुळस हिरवी आहे तोवरच हे करून ठेवा.