मूळ आणि प्रत एकाच पाण्यात बुडू देऊ नका

सांगलीत छोट्या व्यापाऱ्यांची हिशेबाची आणि जीएसटीची कामं मी करते. नवीन काम हातात घेतलं की माझा पहिला प्रश्न बॅकअपचा, म्हणजे डेटाच्या जादा प्रतीचा असतो. उत्तर बहुतेक ठिकाणी ठरलेलं: “आहे ना मॅडम, ऑपरेटर रोज घेतो.” कुठे घेतो? त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर. नाहीतर पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह सीपीयूलाच लावलेला. दुसरी किल्ली कुलपालाच लटकवून ठेवावी, तसं हे झालं.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गणपती पेठ, हरभट रोड या भरवस्तीतल्या दुकानांत पाणी शिरलं. भिजलेल्या मालाचा विमा मागता येतो. पण गोदामात माल किती होता आणि कोणाकडून किती येणं आहे, हे सांगणारा डेटाच गेला तर विम्याचा दावाही लंगडा पडतो आणि उधारीही बुडते. म्हणून माझा आग्रह एकच आहे. मूळ डेटा ज्या कारणाने जाईल, त्याच कारणाने त्याची प्रत जाता कामा नये. पाणी आणि आग, व्हायरस, काम सोडून जाणारा माणूस आणि बंद पडलेलं खातं, ही चार कारणं डोळ्यांसमोर ठेवा आणि आपल्या प्रत्येक प्रतीला विचारा, यांतल्या कशातून तू वाचशील?

आधी खातं कोणाचं ते बघा

क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, जागा घेण्याआधी हे काम करा, कारण घोळ बहुधा इथेच असतो. फर्मचा सगळा डेटा ऑपरेटरच्या खासगी जीमेलवर चढत असतो. तो मुलगा चांगलाच असतो, पण उद्या त्याला पुण्यात नोकरी लागली की तुमची सहा वर्षांची बिलं त्याच्या खात्यात राहतात. नुसतं फोल्डर शेअर केलं तरी भागत नाही. साध्या गूगल ड्राइव्हमध्ये शेअर केलेल्या फोल्डरात ज्याने फाइल टाकली, तोच त्या फाइलचा मालक राहतो.

फर्मच्या नावाचं वेगळं खातं उघडा. त्याला मोबाइल नंबर मालकाचा द्या, दुसरा नंबर घरातल्या विश्वासू माणसाचा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी तपासणी, चालू करा. गूगल तेव्हा आठ आकडी दहा बॅकअप कोड देतं. ते कागदावर छापून दुकानाच्या कागदपत्रांबरोबर नव्हे, घरच्या तिजोरीत ठेवा. फोन हरवला तर खात्यात शिरायला हेच कोड उपयोगी पडतात. आणि खातं अधूनमधून उघडत राहा. दोन वर्षं न वापरलेलं खासगी खातं गूगल काढून टाकू शकतं.

जागेचं म्हणाल तर गूगलचे मोफत १५ जीबी हे जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून आहेत. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. शेठच्या घरगुती खात्यात लग्नाचे व्हिडिओ आणि फर्मचा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला डेटा एकत्र ठेवला, तर एक दिवस जागा भरते, बॅकअप चढणं थांबतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. वनड्राइव्ह मोफत ५ जीबी देतं, ड्रॉपबॉक्स २ जीबी. एका दुकानाच्या टॅलीपुरती १५ जीबी जागा पुष्कळ होते. स्कॅन केलेली बिलं ठेवायची असतील तर वर्षाचे पैसे भरून जागा घ्या. तो खर्च फर्मच्या नावाने टाका आणि भरायची तारीख कॅलेंडरमध्ये नोंदवा.

टॅलीचं चालू फोल्डर ड्राइव्हमध्ये टाकू नका

ही युक्ती बऱ्याच जणांना सुचते, की टॅलीचं डेटा फोल्डरच गूगल ड्राइव्हच्या फोल्डरात हलवावं, म्हणजे सगळं आपोआप वर चढेल. असं करू नका. टॅली चालू असताना अनेक फाइली एकदम उघड्या असतात. सिंक करणारं, म्हणजे इथलं आणि क्लाउडवरचं फोल्डर सारखं ठेवणारं सॉफ्टवेअर त्यातली एक आत्ताची उचलतं, दुसरी पाच मिनिटांपूर्वीची. एकमेकींशी न जुळणाऱ्या फाइली वर जातात आणि कधी चालू डेटाच खराब होतो.

रीत अशी ठेवा. संध्याकाळी सगळ्यांनी टॅली बंद केली की एकाच मशिनवर टॅलीप्राइम उघडा, ऑल्ट आणि वाय दाबा, बॅकअप निवडा. जागा म्हणून त्या दिवसाच्या तारखेचं नवं फोल्डर द्या. नाव आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहा, २०२६-०१-१५ असं. म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. रोज त्याच फोल्डरात बॅकअप घेतला तर काल रात्री बिघडलेला डेटा परवाच्या चांगल्या डेटावर बसतो. तारखांची ही फोल्डरं ड्राइव्हच्या डेस्कटॉप अ‍ॅपला वर चढवायला सांगा. तुमच्या लाइनचा अपलोड वेग १० एमबीपीएस असेल तर १ जीबी चढायला साधारण १४ मिनिटं लागतात. दुकानाचं शटर ओढायच्या घाईत मशिन बंद केलं तर फाइल अर्ध्यावर राहते, म्हणून हिरवी खूण दिसल्याशिवाय बंद करायचं नाही, हे ऑपरेटरला नीट सांगा.

क्लाउडवर आहे म्हणजे वाचलं असं नाही

सिंक आणि बॅकअप या वेगळ्या गोष्टी आहेत. सिंकमध्ये इथे खोडलं की तिथेही खोडलं जातं. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, इथल्या फाइली कुलूपबंद केल्या की त्याच कुलूपबंद फाइली वर चढतात. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, जुनी आवृत्तीही साधारण तितकेच दिवस. दिवाळीत खोडलेली फाइल मार्चअखेरीला आठवली, तर ती तिथे नसते.

मोठ्यांचंही याच ठिकाणी चुकतं. २०२५ च्या सप्टेंबरात दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवायचा ८५८ टेराबाइटचा साठा गेला, कारण त्याची दुसरीकडे प्रतच नव्हती. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या व्हायरस मर्स्क या जहाज कंपनीत घुसला, तेव्हा आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. मर्स्कला उभं राहायला लागणारा डेटा शेवटी घानामधल्या एका सर्व्हरवर सापडला. तिथे वीज गेली होती, म्हणून तो सर्व्हर नेटवर्कवर नव्हता आणि वाचला.

तारेने जोडलेली नाही अशी एक प्रत तुमच्याकडेही हवीच. त्यासाठी दोन बाहेरच्या हार्डडिस्क घ्या. मार्करने एकीवर ‘अ’ लिहा, दुसरीवर ‘ब’. आठवड्याच्या सुट्टीआधी ‘अ’ वर प्रत घ्या, लगेच काढा आणि घरी न्या. पुढच्या आठवड्यात ‘ब’ ची पाळी. घर नदीकाठच्याच भागात असेल तर वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या वस्तीतल्या नातेवाइकाकडे ठेवा. डिस्कला विंडोजमधल्या बिटलॉकरने कुलूप घाला आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की डिस्कपासून वेगळी जपा.

किती वर्षं ठेवायचं? जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने. २०२४-२५ चं वार्षिक रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरायचं, म्हणजे ते हिशेब डिसेंबर २०३१ अखेरपर्यंत हवेत. वाद किंवा अपील चालू असेल तर त्याहून जास्त. प्रत्येक मार्चअखेरचा बॅकअप वेगळा काढा आणि त्याला हात लावू नका. तुमची फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी कायद्याच्या नियमांतल्या २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणे हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोज, आणि तोही भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. मोफत खात्यात डेटा कुठल्या देशात राहील हे आपण ठरवू शकत नाही, तेव्हा आपल्या सीएंशी बोलून सेवा निवडा.

परत आणून बघा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं तेही हेच. महिन्यातून एकदा, जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं रिटर्न भरून झालं की, क्लाउडवरून एक जुनं फोल्डर खाली उतरवा. शक्यतो दुसऱ्या मशिनवर. ‘तपासणी’ नावाचं रिकामं फोल्डर करा आणि टॅलीतून रिस्टोअर करताना जागा तीच द्या. चालू डेटाच्या जागी कधीही रिस्टोअर करू नका, नाहीतर जुना डेटा नव्यावर बसेल.

टॅलीत कंपनी, म्हणजे फर्मचे हिशेब, उघडली की नुसतं “उघडली बुवा” म्हणून बंद करू नका. त्या तारखेची रोख शिल्लक बघा, शेवटच्या विक्री बिलाचा नंबर बघा, येणेकऱ्यांची एकूण रक्कम बघा. चालू डेटात तीच तारीख लावून तिन्ही आकडे जुळवा. टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे टॅलीतल्या डेटाला कुलूप घालणारा, पासवर्ड लावला असेल तर तो याच वेळी विचारला जाईल. तो फक्त एकाच माणसाला माहीत असेल, तर आजच लिहून बंद पाकिटात घरी ठेवा. टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड विसरला तर तो डेटा कोणीही उघडून देऊ शकत नाही.

लोकांची कागदपत्रं

कामगारांचे आधार, पॅन, बँक पासबुकाचे फोटो ही त्यांची माहिती आहे, ती आपल्याकडे विश्वासाने दिलेली असते. ती ‘लिंक असलेल्या कोणालाही’ अशा सेटिंगवर शेअर करू नका. माणसाच्या ईमेलला नाव घालून परवानगी द्या आणि तो काम सोडेल त्याच दिवशी काढून घ्या. ठेवायची गरज संपली की फाइल खोडा. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात माहिती नीट न जपल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. ती रक्कम मोठ्या कंपन्यांसाठीची वाटेल, पण आधारचा गैरवापर झाला तर फटका तुमच्या हमालाला आणि सेल्समनला बसतो.

हल्ला झालाच तर

स्क्रीनवर पैशांची मागणी दिसली की आधी नेटची तार काढा, वायफाय बंद करा, बाकीची मशिनं वेगळी करा. ड्राइव्हचं सिंक दुसऱ्या, स्वच्छ मशिनवरून किंवा फोनवरून थांबवा. त्या मशिनचा फोटो काढा, घाईने फॉरमॅट मारू नका. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना सहा तासांत त्यांनाही कळवायची असते. युरोपोलच्या पुढाकाराने चालणाऱ्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर काही प्रकारच्या कुलपांच्या किल्ल्या मोफत मिळतात. पैसे देण्याचा विचार करण्याआधी तिथे बघा. घरची हार्डडिस्क मात्र त्या मशिनला लावू नका. मशिन पूर्ण साफ करून विंडोज नव्याने टाका, सगळे पासवर्ड बदला आणि मगच ‘अ’ किंवा ‘ब’ जोडा. आधी जुनी प्रत उघडून बघा, मग ताजी.