पुस्तकामागचे दहा रुपये बंद कसे करावेत

गेल्या मे महिन्यात मी आमच्या चिरंजीवांना एका पुस्तकामागे दहा रुपये कबूल केले. आठ दिवसांत एकवीस पुस्तकं! मी खूश. मग सासूबाईंनी ढीग चाळला. सगळी सोळा पानी, त्यातली सहा तर त्याने बालवाडीतच वाचलेली. "हा वाचत नाहीये गं, धंदा करतोय," त्या म्हणाल्या. जूनमध्ये पैसे थांबले, पुस्तकंही थांबली. एरवी हाच मुलगा वरणभात गार होईपर्यंत वाचत बसायचा.

१९७३ साली मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत हेच पाहिलं होतं. चित्रं काढण्याची आवड असलेल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं, काढलंस तर सोनेरी चांदणीचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच पत्र न सांगता दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी स्केचपेन नुसते मांडून ठेवले, तर कबुली मिळालेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नाही. म्हणजे खोट बक्षिसात नाही, आधी केलेल्या सौद्यात आहे.

तेव्हा सौदा मोडा, पण शिक्षा म्हणून नको. मी सरळ सांगितलं, "माझं चुकलं." पुढचे तीन आठवडे त्याने पुस्तकाला हात लावला नाही. तेवढा दम धरा.

मग निवड त्याच्यावर सोडा. शनिवारी वाचनालयात दोन पुस्तकं, त्याच्या पसंतीची. त्याने विनोदांचं पुस्तक उचललं, मी जीभ चावली. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन हे मानसशास्त्रज्ञ म्हणतात, माणसाला तीन गोष्टी लागतात: आपलं आपण ठरवणं, जमतंय असं वाटणं आणि आपली माणसं. "हुशार आहेस" म्हणू नका. "काल अडलेला जोडाक्षराचा शब्द आज सरळ वाचलास" म्हणा. तिसरी गोष्ट सासूबाईंनी सांभाळली. चष्मा मुद्दाम घरात विसरून झोपाळ्यावर बसायचं नि म्हणायचं, "वाच रे, मला दिसत नाही." तो थांबला की, "मग? पुढे?"

पाढ्यांना मात्र मी अजून लाच देते. सतराच्या पाढ्यावर त्याचं प्रेम कधी नव्हतंच, कमी काय होणार? एकोणतीसला भेळ ठरली आहे.